दात, दुर्ग आणि फेरफार

कारधा या आमच्या गावाची प्रसिद्धी वर्षातून चार महिनेच टिकते. मृग बरसून आषाढ लागला, शिवनी-बालाघाटच्या अंगाला ढग रिते होऊ लागले आणि वैनगंगेने लाल पाणी आणले, की भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कचेरीपासून नागपूरच्या वर्तमानपत्रांपर्यंत सर्वांच्या मुखी आमचे नाव येते; कारण नदीची उंची आमच्या पुलापाशी मोजतात, आणि कारध्याची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे ही गोष्ट या मुलखातील शेंबड्या पोरालाही मुखोद्गत असते. उरलेले आठ महिने कारधा म्हणजे मुंबई-कलकत्ता राजमार्गावर भंडारा शहराच्या पैलतीरी लागणारे एक गाव, एवढीच आमची ओळख. राजमार्गाच्या उंच पुलाशेजारी इंग्रजी अमदानीतला जो ठेंगणा पूल अद्याप तग धरून आहे आणि ज्याला सर्व जण ‘लहान पूल’ म्हणून संबोधतात, तो मोठ्या पुरात पाण्याखाली जातो, पूर ओसरल्यावर गाळासकट वर येतो, आणि इतके असूनही त्याच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची बुद्धी अद्याप कोणास झालेली नाही.

अशा गावी राहून आणि महसूल खात्यात पटवाऱ्याच्या दप्तरापासून मंडळ अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत हयात घालवून मी विलायतेतील गढीकोटांविषयी चार शब्द लिहू धजतो, याचे कारण इतकेच की आमचे चिरंजीव लंडनच्या पश्चिमेस, टेम्सच्या काठी, रेडिंग या शहरी संगणकाच्या व्यवसायात सहकुटुंब स्थायिक झाले असून आम्हां उभयतांस वेळोवेळी तेथे हजर व्हावे लागते. परदेशस्थ मुलांच्या आईबापांचे तेथील वास्तव्य म्हणजे बिनपगारी फिरतीची नोकरीच होय. सोमवार ते शुक्रवार नातवास शाळेत पोचवावे, नातीस बाबागाडीतून फिरवावे, पार्सल घेऊन येणाऱ्या इसमास दार उघडून त्याच्या यंत्रावर बोटाने सही करावी. आणि शनिवार उजाडला की पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या, चिवडा व धपाटे भरून, छत्री घेऊन, एखाद्या पडक्या किल्ल्याच्या रोखाने कूच करावे, असा तेथील शिरस्ता आहे.

किल्ल्यांकडे वळण्यापूर्वी मात्र दातांविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण त्या घरात या दोन बाबींचे दप्तर एकच आहे.

इंग्लंडात मूल जन्मले की सरकारी आरोग्यखाते त्याच्या आईबापांच्या हाती एक लाल पुठ्ठ्याची वही देते. वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी, पहिले हसू, पहिला शब्द, आधाराविना टाकलेले पहिले पाऊल, या सर्वांच्या नोंदीस तीत जागा असते. शिवाय वक्ररेषांचे काही तक्ते असतात, ज्यांवर ठिपका देऊन शंभर समवयस्क मुलांच्या रांगेत आपले मूल कितव्या स्थानी उभे आहे हे दाखवावयाचे असते. जन्मभर गाव नमुने भरलेल्या माझ्यासारख्याला ती वही पाहून परक्या मुलखात सगासोयरा भेटल्याचा आनंद झाला. आमच्या पिढीत ही सोय नव्हती. माझे तीर्थरूप पुराच्या साली जन्मले एवढेच घरात ठाऊक होते, आणि माझी स्वतःची जन्मतारीख शाळेत नाव घालतेवेळी हेडमास्तरांनी पंचांग वा पालक यांपैकी कोणासही न विचारता १ जुलै अशी मुक्रर केली. त्या दिवशी आमच्या वर्गातील निम्मी मुले जन्मली असल्याचे दप्तरात अद्याप दिसते.

नात दोन वर्षांची झाली तेव्हा एक गोरी आरोग्यसेविका तपासणीसाठी घरी आली. मूल पाच-सहा ठोकळ्यांची चळत रचू शकते काय, असा तिचा प्रश्न होता. सूनबाईंनी तो सासूबाईंस समजावून दिला. आमच्या सौभाग्यवतींची भाषा अस्सल झाडीपट्टीची. त्या म्हणाल्या, “ठोकडे काय घेऊन बसली, माय? काल ह्या पोरीनं अलमारीतले सारे डबे एकावर एक रचले अन् वरून साखरेचा डबा उलटा केला.” सूनबाईंनी या जबानीचे भाषांतर ‘होय’ असे एका शब्दात केले आणि बाईंनी रकान्यात खूण केली. साखरेचा उल्लेख दप्तरी राहिला नाही याची रुखरुख सौभाग्यवतींस कित्येक दिवस होती.

नातवाचा पहिला दुधाचा दात पडला तो आम्ही तेथे असतानाच. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून घराच्या कौलांवर फेकतात, म्हणजे नवा दात लवकर व सरळ येतो. तिकडे तो उशाखाली ठेवतात. रात्री दातांची परी येऊन दात नेते आणि त्या जागी नाणे ठेवते. रेडिंग शहरात शेण मिळविणे हे रेडिंग शहरात घर मिळविण्याहून दुष्कर. आणि मिळाले तरी शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत ते पाटीच्या उतरत्या छपरावर फेकण्याचे परिणाम काय होतील, याविषयी चिरंजीवांनी आईची समजूत काढली. अखेर परीचा पक्ष विजयी झाला आणि सकाळी उशाखाली एक पौंड निघाला. देहाचा जिन्नस विकून पैसा घेणे सौभाग्यवतींस मुळीच रुचले नाही. मला स्वतःला वाईट वाटले ते भावाविषयी घासाघीस झाली नाही याचे.

इतर संस्कारही यथाशक्ति होतात. नातीचे बोरन्हाण, ज्याला आमच्या भागात ‘लूट’ असेही नाव आहे, एका भाड्याच्या दिवाणखान्यात झाले. सूर्याने संक्रमण कोणत्याही वारी केले तरी तेथील संक्रांत शनिवारीच येते, आणि दिवाणखाना ठरल्या वेळी झाडून परत करावयाचा असल्याने मुलांस लुटण्यासही वेळेची मर्यादा असते. बोरे दुर्मिळ, म्हणून चुरमुरे, चॉकलेटे आणि निळ्या रंगाची ती ब्ल्यूबेरी डोक्यावरून ओतली. हलव्याचे दागिने मात्र अस्सल होते. ते मी भंडाऱ्याहून विमानातून मांडीवर घेऊन गेलो होतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीही त्याच खेपेस पेटीतून गेला. त्याला दोरी बांधून नातू शेजारच्या घरी ‘बोजारा’ मागण्यास गेला, तेव्हा भाद्रपदातच ऑक्टोबरअखेरचा भुतांचा सण उजाडला की काय, असे वाटून त्या वृद्ध इंग्रज गृहस्थांनी त्याला मूठभर गोळ्या दिल्या. दोन संस्कृतींचा असा विनासायास समेट मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता किल्ले. त्या देशात प्राचीन वास्तूंची देखभाल करणाऱ्या काही संस्था आहेत. त्यांपैकी नॅशनल ट्रस्ट १८९५ साली स्थापन झालेली, आणि इंग्लिश हेरिटेज ही दुसरी, जिच्या ताब्यात चारशेंवर स्थळे आहेत. वर्षाची वर्गणी भरली की त्या त्या संस्थेचे कार्ड मिळते आणि वर्षभर हवे तितके किल्ले बिनमोबदला पाहता येतात. चिरंजीवांनी यांपैकी दुसरीचे कार्ड घेतले, आणि त्या घटकेपासून त्या कुटुंबाच्या शांततेचा ऱ्हास सुरू झाला. वर्गणी वसूल झाली पाहिजे! पाऊस असो, मुलांस सर्दी असो, गाडीतून जाण्यायेण्यास पाच तास लागोत, दर पंधरवड्यास एक तरी दुर्ग पडलाच पाहिजे, असा चिरंजीवांचा संकल्प. रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या त्याही इतक्या नियमाने केल्या नसाव्यात. याचा एक विलक्षण परिणाम असा झाला आहे की, नातवाचे इतिहासज्ञान त्या कार्डाच्या सरहद्दीपाशी थांबते. कार्ड चालते तेथील राजे त्याला पिढ्यांसह ठाऊक आहेत, आणि जेथे वेगळे तिकीट काढावे लागते त्या शतकांत इंग्लंडात काही घडल्याचे त्याच्या कानी नाही.

मुलांच्या दृष्टीने किल्ल्याचे तीन भाग असतात: शौचकूप, आइसक्रीमचे दुकान, आणि ज्यातून गेल्याविना बाहेर पडता येत नाही असे भेटवस्तूंचे दालन. दाराशी मुलांस एक कागद व शिसपेन्सिल देतात. त्यात ‘या दहा गोष्टी शोधा’ अशी आज्ञा असते. मुले मान खाली घालून कागदातील सिंह शोधतात, आईबाप मान वर करून मुलांचे छायाचित्र नीट येईल असा बुरूज शोधतात, आणि किल्ला दोघांच्या मधोमध उभा असतो.

स्टोनहेंज या ठिकाणी मला मात्र खरा आनंद झाला, आणि तो पाषाणांमुळे नव्हे. साडेचार हजार वर्षांपूर्वी एवढाल्या शिळा कोणी व कशासाठी उभ्या केल्या याचा खल सारे प्रवासी करीत होते. मी एकट्याने विचारले की ही जमीन कोणाच्या नावे होती? उत्तर लिहिलेले सापडले. १९१५ साली ती शिळांसकट लिलावात निघाली, आणि सेसिल चब नावाच्या वकिलाने ६,६०० पौंडांस घेतली. गृहस्थ लिलावास घरगुती सामान घेण्यासाठी गेले होते आणि पत्नीस हा सौदा आवडला नाही, अशीही आख्यायिका आहे. १९१८ साली त्यांनी ती राष्ट्रास बक्षीस दिली, परंतु बक्षीसपत्रात अट घातली की प्रवेशाचा आकार एका शिलिंगाहून अधिक असू नये. आज त्या शिलिंगाचे कित्येक पौंड झाले आहेत. आमच्या खात्यात याला शर्तभंग म्हणतात आणि जमीन सरकारजमा करण्याची नोटीस काढतात. येथे जमीन सरकारजमा झाल्यावरच शर्तभंग झाला, त्यामुळे नोटीस कोणी कोणास काढावी हा पेच आहे. मी तो नातवास समजावून सांगत असता त्याने विचारले, “आबाजी, शू कुठे करायची?”

बाथ या गावी रोमन लोकांनी उष्ण झऱ्यावर बांधलेली स्नानगृहे आहेत. तेथे कार्ड चालत नाही. चिरंजीव तिकीटखिडकीपाशी बराच वेळ विमनस्क उभे होते. अखेर “बाबा, तुम्ही पाहून या, मी मुलांना बागेत नेतो,” असे म्हणाले, आणि केवळ या काटकसरीमुळे मला विलायतेतील सर्वोत्तम दप्तर एकांतात पाहावयास मिळाले. त्या झऱ्याच्या देवतेस, सुलिस मिनर्व्हेस, लोक शिशाच्या पातळ पत्र्यांवर तक्रारी खरडून, गुंडाळी करून पाण्यात टाकीत. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. बहुतेक अर्जदारांचा माल स्नानाच्या वेळी चोरीस गेलेला: कोणाचा झगा, कोणाची नाणी. डोसिमेडिस नावाच्या एका इसमाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी व डोळे जावेत अशी त्याची मागणी आहे. दोन हातमोज्यांस दोन डोळे, हा हिशेब निदान रुजू आहे. बुद्धी कोणत्या बाबीखाली मागितली ते कळत नाही. सर्वांत मला थोर वाटली ती मसुद्याची ढब. चोर पुरुष असो की स्त्री, गुलाम असो की स्वतंत्र, असे अनेक अर्जांत आवर्जून घातलेले, जेणेकरून कोणीही आरोपी तांत्रिक कारणाने सुटू नये. सोळा-सतरा शतकांपूर्वीचा तो अर्जनवीस भंडाऱ्याच्या तहसीलीबाहेर बसता तर उपाशी मेला नसता. अर्जावर देवीने काय हुकूम फर्मावला याची नोंद मात्र एकाही पत्र्यावर नाही, आणि याही बाबतीत ते दप्तर मला परके वाटले नाही.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानी आली. चिरंजीवांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर रेडिंगच्या मठाचे अवशेष आहेत. पहिल्या हेन्री राजाने हा मठ ११२१ साली बांधविला आणि त्यालाच तेथे पुरले. हा हेन्री म्हणजे ज्या विल्यम राजाने १०८६ साली जवळजवळ साऱ्या इंग्लंडातील नांगर, गिरण्या व डुकरे मोजवून आद्य सातबारा तयार करविला त्याचा धाकटा मुलगा. अर्थात आमच्या खात्याच्या दृष्टीने तो आमच्या मूळपुरुषाचाच वंशज. गारगोटीच्या त्या उंच, खडबडीत भिंतींमध्ये मी रोज सकाळी फिरावयास जात असे. चिरंजीव मात्र इतकी वर्षे त्या शहरी राहून तेथे एकदाही गेलेले नव्हते, कारण तेथे तिकीट नाही! जेथे कार्ड दाखवून काही वाचत नाही, तेथे जाऊन वर्गणी वसूल होत नाही. जवळच्याच वस्तुसंग्रहालयात, तेही फुकट, नॉर्मन स्वारीच्या त्या प्रख्यात सत्तर मीटर लांबीच्या चित्रित पटाची नक्कल आहे. लीक या गावच्या तीसपस्तीस स्त्रियांनी ती १८८६ साली भरतकामाने पुरी केली. मूळ पटाच्या काठावर काही पुरुष दिगंबर आहेत. त्यांपैकी काहींना या नकलेत आखूड चोळणे चढलेले दिसतात. सौभाग्यवतींस विलायतेतील जे जे दाखविले त्यात हीच एक सुधारणा मनापासून पसंत पडली.

घरी परतल्यावर चिरंजीव ती छायाचित्रे संगणकात रचून ठेवतात: ‘पहिले पाऊल, केनिलवर्थ किल्ला’, ‘पुढचे दोन दात पडलेले, डोव्हर’, ‘सायकल शिकली, हेड्रियनची भिंत’. मी बराच काळ या प्रकारास हौस समजत होतो. परंतु एके रात्री तो सारा संग्रह क्रमाने पाहताना त्यातील कार्यपद्धती मला एकाएकी ओळखीची वाटली: हे फेरफार आहेत! त्या मुलखात या माणसाची वडिलोपार्जित अशी हातभर भूमी नाही. राहते घर बँकेचे. गल्लीत आजोबा-पणजोबांचे नाव सांगणारा कोणी नाही. कारध्यात त्याचे नाव चार पिढ्यांच्या खात्यावर आपसूक चढले, त्यासाठी त्याला धुऱ्यावर उभे राहून छायाचित्र काढावे लागले नाही. तेथे मात्र आपली मुले या भूमीवर उपजली, चालली, पडली, दात पाडून बसली, याचा पुरावा त्याला स्वतःच गोळा करावा लागतो, आणि पुराव्याच्या कागदामागे जितका जुना दगड तितका तो कागद भक्कम, असे त्याला आत कोठेतरी वाटत असले पाहिजे. आमच्याकडील कायद्याने बारा वर्षे उघड व अखंड कब्जा असला की वहिवाटीने मालकीचा हक्क सांगता येतो. मी हळूच मोजून पाहिले. पहिल्या किल्ल्यापासून त्याची मुदत भरत आली आहे.

अर्थात जुन्या वस्तूंवरचा कब्जा उलट्या दिशेनेही फिरतो. नागपूरकर भोसल्यांच्या, म्हणजे ज्यांच्या अमलात आमचा हा मुलूख होता त्या पहिल्या रघूजींच्या नावाची तलवार २०२५च्या एप्रिलात लंडनला लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाखांवर रुपये मोजून घेतली आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. जप्तीत गेलेले जनावर मालकानेच कोंडवाड्याचा दंड भरून सोडवून आणावे, ही रीत कारध्यात सर्वांस ठाऊक असल्याने गावात या बातमीचे कोणास नवल वाटले नाही. दूरध्वनीवर नातवाने एवढेच विचारले की ती तलवार कोणत्या कार्डावर दिसेल?

मंडळी हिवाळ्यात गावी आली तेव्हा, तिकडील किल्ल्यांची परतफेड म्हणून, मी जीप सांगून सर्वांस पवनीस नेले. पवनीस मी नोकरीत असंख्य वेळा गेलो, ते वसुलीच्या निमित्ताने. परंतु तेथे अशोकाच्या काळाशी नाते सांगणारे बौद्ध स्तूप आहेत, गावाभोवती जुन्या तटाचा मातीचा बांध आहे; १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले तेव्हा मोठा स्तूप उघड झाला. नातवाने उतरताच तिकीटखिडकी शोधली. नव्हती. मग भेटवस्तूंचे दुकान. त्या जागी एक चहाची टपरी होती. दहा गोष्टी शोधण्याचा कागदही कोणी देईना, तेव्हा त्याने स्वतःच वहीचे पान फाडून यादी केली आणि शेळ्या राखणाऱ्या एका पोराच्या मदतीने ती भरली: शेळी, शेळी, विटेचा तुकडा, सरडा, पुन्हा शेळी. चिरंजीव हरखले होते. ‘फुकट आहे’ हे वाक्य ते तिकडे ज्या सुरात उच्चारतात त्याच्या अगदी विरुद्ध सुरात ते येथे पुनःपुन्हा उच्चारीत होते, आणि मुलांस टेकडीसमोर उभे करून उजेडाची बाजू पाहत होते.

त्याच वेळी नातवाचा एक हलणारा दात, अड्याळला घेतलेले फुटाणे खाता खाता, निखळून हातात आला. छायाचित्र तत्काळ झाले. परतीच्या वाटेवर, मूल रडू नये म्हणून, मी त्याला सांगितले की दात ही सामान्य वस्तू नव्हे; भगवान बुद्धांच्या एका दातावर सिंहलद्वीपात कँडी येथे केवढे मंदिर आहे, आणि त्या दातासाठी राजे लढले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आबाजी, मग एक पौंड कमी आहे.”

पहेला गावापासून घरापर्यंत आमची घासाघीस चालली. त्याची मागणी दहा पौंडांची. मी पन्नास रुपयांपासून आरंभ केला. येथील परीस परदेशी चलन बाळगण्याची परवानगी नाही, हा माझा मुद्दा त्याने मान्य केला, परंतु विनिमयाचा दर त्याने बापाच्या भ्रमणध्वनीवर पाहून घेतला. कारधा दिसू लागले तेव्हा सौदा पाचशेवर तुटला. घरी आलो तो सौभाग्यवती अंगणात तयार उभ्या होत्या. शेजाऱ्याच्या गोठ्यातून त्यांनी ताजे शेण आणविले होते आणि कौलारू घर जाऊन स्लॅब पडला असला तरी शास्त्रार्थ चुकता कामा नये असा त्यांचा निश्चय होता. नातवास काळजी निराळीच होती. दात वर गेला आणि परी खाली खोलीत आली, तर पाचशे रुपये बुडाले! त्याने आजीचा पदर धरून विचारले की परी छतावर चढेल कशी?

“कायले नाही चढन?” सौभाग्यवती गोळा वळता वळता म्हणाल्या. “मांगून जिना हाये ना.”